गुण्यात बसवलेली देवी

माझे बाबा निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांची पट्टी अजून कामावर जाते. सातपूरच्या एका कारखान्यात ते पॅटर्न मेकर होते. म्हणजे पंपाचा जो भाग लोखंडात ओतायचा असेल, तो आधी हुबेहूब लाकडात कोरून द्यायचा. तो नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना जरासा मोठा करावा लागतो. त्यासाठी या लोकांकडे एक खास पट्टी असते. दिसायला चारचौघींसारखी, पण तिचा प्रत्येक सेंटिमीटर अंमळ लांब असतो. डोक्याने आकडेमोड करायला नको, पट्टीच ती परस्पर करून टाकते.

हे मला सातवीत असताना कोणी सांगितलं नव्हतं. भूमितीच्या परीक्षेला मी घाईघाईत बाबांच्या पेटीतली ती पट्टी उचलून नेली. माझे सगळे त्रिकोण एकेका मिलिमीटरने बाळसेदार निघाले. बाईंनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं. बाबांनी वही नीट न्याहाळली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "ओतल्यावर बरोबर येतील." बाईंनी त्यानंतर आमच्या घरच्या कोणालाही बोलावलं नाही.

त्याच कारखान्यातल्या करवतींनी बाबांचे कान नेले. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं थोडे थोडे. बाबांनी त्यावर तोडगा काढला. कोणी काहीही बोललं की मान डोलवायची आणि "हो, हो" म्हणायचं. हा तोडगा बाहेर झकास चालतो, कारण बोलणाऱ्याला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. घरात मात्र तो आईपाशी अडला. आईला दिवसभराचं कोणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. पण ओरडून सांगितलेली गोष्ट ही गोष्ट राहत नाही, तिचं भांडण होतं, आणि पंचवटीतल्या आमच्या बोळात ते सात घरांना ऐकू जातं. मग आईने सांगायचंच सोडलं. जेवायला या, गोळी घ्या, दाराला कडी घाला, एवढंच काय ते दोघांत उरलं.

मी बाबांचे कान तपासून घेतले आणि कानाचं यंत्र आणून दिलं. बाबांनी ते दोन दिवस लावलं. मग म्हणाले, "लय शिट्ट्या मारतं ते," आणि पटाशांच्या खणात ठेवून दिलं. मला इतका राग आला की मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आमची कुलदेवी सप्तशृंगी. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी गडावर जायला साफ नकार दिला. वर जायला आता ट्रॉली आहे, पण आईला अडचण रांगेची होती. ती घरातल्या तसबिरीवर भागवू लागली. रोज दिवेलागणीला तसबिरीसमोर पाट मांडायची आणि तोंडातल्या तोंडात बराच वेळ काहीतरी म्हणत बसायची. एका संध्याकाळी बाबांनी तिच्या पाठीकडे बघता बघता जाहीर केलं, "तुझी देवी मी करतो. लाकडात. नवरात्राला देव्हाऱ्यात बसेल बघ."

माळ्यावर वीस वर्षं जपलेला सागाचा ओंडका खाली आला. आईने नवा देव्हारा आणला. बाबांनी त्याची आतली उंची दुकानदाराच्या टेपने मोजून कागदावर लिहून घेतली. आणि मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, काम सुरू झालं.

गडावरच्या देवीला अठरा हात आहेत आणि प्रत्येक हातात काही ना काही आहे. शेंदरामुळे तसबिरीत अर्धं दिसत नाही. त्यामुळे कुठल्या हातात काय, हे बाबा आईला विचारायचे आणि आईला ते ओरडून सांगावं लागायचं.

"उजवा चौथा?" बाबा गॅलरीतून विचारायचे.

"वज्र!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची. "इंद्राने दिलेलं!"

"आणि डावा सातवा?"

"पानपात्र! अहो, पानपात्र!"

तीन दिवसांत सगळ्या बोळाला महिषासुराचा वध तोंडपाठ झाला. समोरच्या घरातली सून एकदा दारात येऊन हळूच विचारून गेली की घरी सगळं ठीक आहे ना. आईचा घसा बसला, पण एक सांगते, ती खूश होती. किती तरी दिवसांनी दोघांत कडीकुलपापलीकडचं बोलणं चाललं होतं. कोणी कुठलं शस्त्र दिलं, घंटा कशाला, कमळ कशाला, ते ती गरम पाण्याच्या गुळण्या करून करून सांगत होती. बाबांनी देवी कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे केली. धड दोन अर्ध्या भागांत, हात सुटे, डोकं वेगळं, आणि सगळं लाकडी खुंट्यांनी एकमेकांत बसवलेलं. प्रत्येक हाताच्या मागे पेन्सिलीने नंबर. त्रिशूळ धरलेल्या हातामागे 'उ ६' लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

घट बसायला आठवडा राहिला होता तेव्हा बाबांनी देवीवरचं फडकं काढलं. मी मुद्दाम सकाळीच माहेरी गेले होते. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. साडीची चुणी न् चुणी, बोटाचं पेर न् पेर. डावीकडे नऊ हात, उजवीकडे नऊ, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. बाबा गुण्या, म्हणजे सुताराचा लोखंडी काटकोन, हातात घेऊन उभेच होते. त्यांनी तो देवीच्या खांद्याला लावून दाखवला. काटकोनात केसाचाही फरक नव्हता.

आईने देवी सगळ्या बाजूंनी पाहिली. मग म्हणाली, "ही ऐकत नाहीये."

"हो, हो," बाबा खुशीत म्हणाले.

मला कळायला जरा वेळ लागला. गडावरची देवी मान एका बाजूला कलती करून उभी आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी तिची स्तुती म्हणत होते आणि ती ऐकताना तिने मान कलवली, ही गोष्ट नाशकातलं शेंबडं पोरही सांगेल. आमची देवी मात्र शाळेच्या कवायतीला उभी असल्यासारखी ताठ होती. मी बाबांच्या कानाशी जाऊन ओरडले, "मान! मान तिरकी पाहिजे!"

"तिरकी नाय ती," बाबा म्हणाले. "फोटोवाला तिरका उभा होता. मी गुण्या लावून सरळ करून घेतली."

बाबा आयुष्यात पंधरा-वीस वेळा तरी गडावर गेले असतील. पण तिथे त्यांचं लक्ष कायम रेलिंगच्या वेल्डिंगकडे असायचं. मी हे त्यांना ऐकवलं, म्हणजे ऐकवायचा प्रयत्न केला. तोवर बाबांनी देवी उचलून देव्हाऱ्यापाशी नेली होती. त्यांना वाटलं असावं की आत बसलेली पाहिली की आईचं मन वळेल. देवी मुकुटापर्यंत आत गेली आणि मुकुट अडला. बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडला. दोन-अडीच मिलिमीटर, पण देवी काही वाकेना.

मी गॅलरीत गेले आणि पट्टी उचलून आणली. तीच, माझ्या त्रिकोणांची. देव्हारा मोजला दुकानदाराच्या टेपने आणि देवी केली या पट्टीने. बाबांनी पट्टीकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं आणि खाली बसले. मला म्हणायचं होतं, ओतल्यावर बरोबर येईल. पण त्यांचा चेहरा बघून मी पट्टी नुसती त्यांच्या शेजारी ठेवली.

"मुकुट घासतो," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"देवीचा मुकुट घासणार?" आई ओरडली. मग देव्हाऱ्याच्या छताला भोक पाडायची सूचना आली.  आई मला म्हणाली, "हातांत अठरा गोष्टी आहेत गं, सगळ्या कोणी कोणी दिलेल्या. मान कलवून ऐकणं तेवढं तिचं स्वतःचं. तेच नाही तर मी कोणासमोर बसू? राहू दे. तसबीरच ठेवते." आणि ती भाजी निवडायला निघून गेली.

मला बाबांना झापायचं होतं. पण झापायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की आईला ऐकू जाणार. म्हणून मी त्यांनी काढलेल्या देवीच्या नकाशाच्या कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायला बसले. लिहिलं की आई रोज संध्याकाळी तसबिरीसमोर बसून काय करते माहीत आहे का? ती देवीला दिवसभराचं सांगते. भाजी काय भावाने मिळाली, बोळात कोणाकडे पाहुणे आले, कुठला गुडघा जास्त दुखतो. पूर्वी ती हे तुम्हाला सांगायची. लिहिताना माझ्या हाताला इतका जोर आला की टोक मोडलं.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मला वाटलं, पोथी म्हणते."

त्यानंतर ते बराच वेळ पटाशीची धार नुसती अंगठ्याने चाचपत राहिले. 

दुपारी त्यांनी मला आमच्या गुरुजींना फोन लावायला सांगितलं. प्रश्न असा होता की देवीची मान कापली तर चालेल का. हा प्रश्न फोनवर सभ्यपणे कसा विचारायचा ते मला अजूनही सुचलेलं नाही. मी तसाच विचारला. 

"प्राणप्रतिष्ठा झाली का?" गुरुजींनी विचारलं.

"नाही."

"मग ते अजून लाकूडच आहे. खुशाल कापा."

"विचार, किती अंश कलवायची," बाबा मागून म्हणाले.

मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "ताई, शास्त्रात अंश दिलेले नाहीत. तिला ऐकू आलं पाहिजे, एवढं बघा."

मी हे वाक्य कागदावर लिहून बाबांना दिलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि तसबिरीवर कोनमापक लावून बसले. दुसऱ्या दिवशी डोक्याची खुंटी निघाली, मानेतून एक पातळ पाचर कापली गेली, खुंटीचं भोक नव्याने तिरपं पडलं आणि देवीची मान कलती होऊन बसली. गुण्या कुठे दिसत नव्हता. पुढे जे झालं ते भूमितीने आधीच सांगितलं असतं, असं माझा नवरा नंतर म्हणाला, पण आमच्या घरात भूमितीचं काय होतं ते त्याला माहीत नाही. मान कलली तशी देवीची उंची तेवढ्यापुरती उतरली आणि मुकुट देव्हाऱ्याच्या छताखालून अलगद आत गेला. बाबांनी आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली, बघितलं, आणि तसबिरीवरची जुनी फुलं काढायला लागली. बाबा माझ्याकडे बघून हसले. मला त्यांच्यावरचा राग आठवायचा प्रयत्न करावा लागला.

गुरुजींनी घटस्थापनेच्या सकाळी प्राणप्रतिष्ठा केली. त्यांनी 'उ ६' वगैरे वाचलं असावं, कारण ते जरा हसल्यासारखे झाले, पण मंत्र चुकले नाहीत. मी संध्याकाळपर्यंत थांबले.

दिवेलागणीला आईने नव्या देवीसमोर पाट मांडला. बाबा मागे खुर्चीवर होते, पेपर उघडून. आईने निरांजन लावलं आणि नेहमीच्या तोंडातल्या तोंडातल्या आवाजात सुरुवात केली. "आज भाजीवाली काही फिरकली नाही बघ. उद्याला मेथी हवी होती."

"आली होती," मागून बाबा म्हणाले. "तू आंघोळीला होतीस. दोन जुड्या घेऊन ठेवल्यात."

आई थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. बाबांच्या कानामागे ते यंत्र होतं, आणि खिशातून गुरुजींच्या वाक्याचा कागद डोकावत होता.

तिने निरांजनाची वात सारखी केली. मग आई, आवाज जराही न वाढवता, उलट आणखी बारीक करून म्हणाली, "समोरच्यांच्या सुनेला दिवस गेलेत."

"हो, हो," बाबा म्हणाले.

"काय हो, हो?" आई देवीकडेच बघत म्हणाली. "काय सांगितलं मी?"

"सुनेला दिवस गेलेत म्हणालीस." बाबांनी पेपर खाली ठेवला. "कितवा महिना?"

"चौथा," आई म्हणाली, आणि देवीकडे पूर्ण पाठ होणार नाही इतपत पाट तिरका करून घेतला.