ज्याचं सामान, तो पुढे

“मागून चढणाऱ्याला पुढच्याच्या बुटांचे तळ दिसतात, आणि ते तर मला पोटासाठी रोजच बघावे लागतात.”

असं ती एकदा म्हणाली होती. हसत म्हणाली नव्हती, तरी ऐकणारे हसले.

ती बुटांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक बाकावर बसलं की ही समोर गुडघ्यावर. पावलाखाली मापाची पट्टी सरकवायची, आकडा वाचायचा आणि तो समोरच्याला पटवायचा. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड. बायकांना आपलं पाऊल आहे त्याहून लहान वाटे, पुरुषांना मोठं, आणि खऱ्या मापावर कुणाचाच विश्वास नसे. एका बाईंनी तर पट्टीच खोटी आहे अशी मालकाकडे तक्रार केली. मालकाने सगळ्यांदेखत हिलाच झापलं. ती खोकी रचता रचता म्हणाली की पाऊल बदलून द्यायची सोय आपल्याकडे असती तर दिलं असतं. मालक गल्ल्यातली नाणी उगाच पुन्हा लावू लागला. नोकरी गेली नाही, कारण टाचेत अडलेला बूट पायावर चढवण्यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती भावाबरोबर कड्यावर जायची. दादाचं गॅरेज होतं. तोही दिवसभर कशाखाली तरी आडवा पडलेला असायचा, पण कड्यावर मात्र तो वर असे आणि ही खाली. त्यांची चढाई जुन्या पद्धतीची. भेगेत हात-पाय अडकवत चढायचं, खडकात आधी ठोकलेलं काही नाही. पुढे जाणाऱ्याने भेगांमध्ये आपली साधनं अडकवत, त्यांत दोर ओवत वर जायचं. मागून येणाऱ्याने तीच साधनं एकेक करून काढत यायचं. मागच्याचा दोर वरून ताणलेला असतो, त्यामुळे तो सुटला तर जागच्या जागी लटकतो. पुढचा सुटला तर खाली येतो, आणि किती खाली, हे त्याने अडकवलेल्या साधनांवर ठरतं.

त्यांच्या टोळीत एक नियम होता. कुणी कधी लिहिला नव्हता, पण मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ज्याचं सामान, तो पुढे. सामान दादाचं होतं. त्यामुळे दादा पुढे, त्याचा वायरमन दोस्त मधे, आणि ती शेवटी. वायरमनने तिचं नाव शेपटी ठेवलं. नाव वाईट होतं, म्हणून टिकलं.

दादाच्या सामानात सगळ्यांत जपलेले होते कॅम. एका दांड्याच्या टोकाला चार दातेरी पाकळ्या. खटका ओढला की पाकळ्या मिटतात. भेगेत सरकवून खटका सोडला की त्या उलगडून दोन्ही भिंतींना रेटतात, आणि खाली ओढ बसली की आणखी रेटतात. खोटं बोलणाऱ्या माणसासारखं, जितकं ओढाल तितकं घट्ट. पण प्रत्येक कॅमची भेग ठरलेली. एक बोटाच्या भेगेचा, एक हाताच्या, एक मुठीच्या. लहान भेगेत मोठा कोंबला तर निघत नाही, मोठ्या भेगेत लहान घातला तर धरत नाही.

हे सगळं ती उलट्या बाजूने शिकली. दादा लावायचा, ती काढायची. त्याने घाईघाईत कोंबलेले कॅम ती एका पायावर लोंबकळत, लोखंडी आकडीने खटका खेचून सोडवायची. आणि एकदा एक असा सापडला की हात लावताच हलत्या दातासारखा निघून आला. वर पोचल्यावर तिने तो दादासमोर धरला.

दादा म्हणाला, “पण धरलं ना?”

धरलं होतं, कारण तो पडला नव्हता. पडला नव्हता म्हणून तो चांगला लावणारा होता. या हिशेबात बाहेरून शिरायला कुठेच दार नव्हतं.

मग एका सुट्टीला, खालच्या अंगाच्या एका बुटक्या भेगेपाशी, ती म्हणाली की ही मी पुढे होऊन चढते. भेग सोपी होती. दादा दोर उलगडत होता. त्याने मान वर न करता विचारलं, “सामान कुणाचं?” वायरमन खो खो हसला. दादाही हसला, आणि त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. त्याने नुसता नियम सांगितला होता. ती शेवटून चढली, सगळं काढत काढत, आणि सारं सामान नेहमीसारखं त्याच्या पिशवीत नीट भरलं.

पुढे कितीतरी महिने तिने दुकानात दुसऱ्यांच्या सुट्ट्या भरून काढल्या. एके दिवशी दादाला म्हणाली, कॅम घ्यायला चाललेय. दादाचा चेहरा खुलला. तो खरोखरच खूश झाला. गॅरेज वायरमनवर सोपवून, हात तसेच काळे घेऊन तो तिच्याबरोबर निघाला. तुला एकटीला काय कळणार, मी बघतो सगळं, असं वाटेत सांगत राहिला.

सामानाचं दुकान एका जिन्यावर होतं. अरुंद खोली, छताला दोर टांगलेले, आणि कोपऱ्यात दुकानदाराने स्वतः ठोकलेली एक खोटी भेग. दोन जाड फळ्या उभ्या, खाली बोटभर अंतरावर आणि वर जाताना फाकत गेलेल्या. गिऱ्हाइकाने त्यात कॅम लावून बघायचा.

दादा काउंटरशी गेला आणि पटापट सांगत सुटला. सगळ्यांत बारीक दोन काढा. एक तो थोरला, मुठीच्याही वरचा. आणि हात नीट जात नाही त्या अडनिड्या मापाचे दोन, तिथेच जीव जातो. दुकानदाराने काचेवर सगळं मांडलं. चकचकीत होतं. ती बघत राहिली. या ढिगात मधलं काहीच नव्हतं. बारीक होते, अवाढव्य होता, पण कड्यावर जिथे हात घालावा तिथे लागणारं एकही माप नव्हतं.

तिने विचारलं की मधले का नाहीत.

“ते आहेत ना आपल्याकडे,” दादा म्हणाला.

दुकानदार काच पुसत होता. पुसता पुसता त्याने सहज विचारलं, “दोघांत मिळून घेताय, की एकटीसाठी?”

“दोघांत,” दादा म्हणाला.

“एकटीसाठी,” ती म्हणाली.

तिला आता सगळा ढीग कळला. दादाने तिच्यासाठी निवडलं नव्हतं. त्याच्याकडे जे नव्हतं ते निवडलं होतं. तिच्या कष्टाने त्याचा संच पुरा होणार होता, आणि त्यात लबाडी नव्हती, हेच वाईट होतं. त्याला ते इतकं साहजिक वाटत होतं की त्याने त्यावर विचारही केला नव्हता. हे सामान घेऊन ती एकटी त्या बुटक्या भेगेतही चढू शकली नसती.

ती फळ्यांकडे गेली. अंगठा तळव्यात दुमडून तिने हात भेगेत घातला आणि वर वर सरकवत नेला. एका जागी तो असा घट्ट बसला की तिने भार टाकला तरी हलेना. तिने दादाला बोलावलं. दादाचा हात तिथे बोटांच्या पेरांपुढे जाईना.

“हेच ते अडनिडं माप,” तो म्हणाला. “इथेच तर दोन लागतात.”

“तुला.”

मग तिने हात आणखी वर नेला. जिथे दादाचा हात कुलपासारखा बसला असता, तिथे तिचा मोकळ्या खिशात हिंडावा तसा हिंडत होता. ती दुकानदाराला म्हणाली की या मापाचे दोन द्या. बाकी बोटापासून मुठीपर्यंत एकेक. थोरला परत ठेवा.

दादाला हसू आलं. त्याने तिला समजावलं की तिथे कुणी दोन घेत नाही, तिथे तर नुसता हात घातला की माणूस निवांत उभा राहतो, सगळ्यांना विचार.

“सगळ्यांचा हात घेऊन मी चढणार नाहीये.”

हे ती आवाज न चढवता म्हणाली, पण दुकानदाराने पुसणं थांबवलं. दादाच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो म्हणाला की सारखंच सामान दोनदा घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. मग म्हणाला की तिला दोर धरायला शिकवलं कुणी, बूट कुणाचे घालून आली होती पहिल्यांदा. तिने हो हो म्हटलं. सगळं खरं होतं. ती एकेक कॅम उचलून फळ्यांत लावत होती, खटका सोडत होती, दोन्ही हातांनी खाली ओढत होती, पाकळ्या सारख्या उघडल्यात का हे वाकून बघत होती. एकाचा खटका कुरकुरला, तो तिने परत केला आणि दुसरा मागितला. आयुष्यात पहिल्यांदा ती कॅम लावत होती.

दुकानदाराने खणातून रंगीत चिकटपट्ट्यांची रिळं काढली. कड्यावर सगळ्यांचं सामान एकत्र होतं, म्हणून जो तो आपल्या सामानावर आपल्या रंगाची पट्टी गुंडाळतो. कुठली लावू, असं त्याने विचारलं.

“लाल,” दादा म्हणाला. “आमचं सगळं लाल असतं.”

तिने पांढरं रीळ उचललं. पट्टी दातांनी तोडून एकेका दांड्याला गुंडाळली, कडा नखाने दाबल्या. सावकाश. एवढा वेळ ती फक्त गिऱ्हाइकाच्या बुटाची नाडी बांधताना घ्यायची.

दादा तिच्या हातांकडे बघत होता. मग त्याने स्वतःच्या काळ्या हातांकडे पाहिलं, आणि अगदी हळू, दुकानदाराला ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारलं, “आणि मी? मी आता तुझ्या मागून येऊ?”

तिने शेवटची पट्टी दाबली, नोटा मोजून काचेवर ठेवल्या. दुकानदाराने पुढे केलेली पिशवी बाजूला सारली, कॅम एकेक करून सोबत आणलेल्या, खांद्यावरून आडव्या घ्यायच्या पट्ट्यात अडकवले, आणि वळून, दादाच्या पुढे होऊन, सगळं खणखणत असताना जिना उतरून गेली.