आत्याआजीच्या नावाची अंघोळ

आईनं घरी हातावर दही ठेवलं होतं. एसटीच्या खिडकीशी अण्णा आले. नीट राहा, जेवत जा, असलं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “कासारवाडीला माझी आत्या ऱ्हाती. तिचं तोंड बघायचं न्हाई. माझ्या आज्ज्यानं तिच्या नावानं अंघोळ केलीय.”

मी वीस वर्षांची होते. डिप्लोमा करून चाकणच्या कंपनीत ट्रेनी म्हणून निघाले होते. पिंपरीत उतरले तर हॉस्टेलमधली माझी कॉट दुसरीलाच दिलेली. त्याच संध्याकाळी कासारवाडीत विचारत विचारत मी अण्णांच्या त्या आत्याच्या, माझ्या आत्याआजीच्या दारात उभी राहिले. गावाकडच्या तुम्हा सगळ्यांना कळवलं, मैत्रिणींबरोबर खोली घेतलीय. ते खोटं वीस वर्षं टिकलं.

आत्याआजी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली नटी. घरातून पळाली ती थेट स्टुडिओत. तीन चित्रपटांत नायिका झाली, पुढे नायिकेची बहीण, मग आई, मग कुणीच नाही. लग्न केलं नाही. लढाईमुळे कच्ची फिल्म रेशनवर, त्यामुळे रीटेक म्हणजे गुन्हाच. ‘रड’ म्हटलं की पहिल्या टेकला डोळे भरायला हवेत, आणि हिचे भरायचे. पुढे तिचे वडील गेल्याचं पोस्टकार्ड महिन्यानं आलं. ज्या बापानं जिवंतपणी तिच्या नावानं अंघोळ केली, त्याच्यासाठी ती नळाखाली बसली, पण डोळ्यांतून टिपूस निघेना.

“सगळं तिकडंच खर्ची पडलं बघ,” ती मेथी निवडत सांगायची. मला हसू यायचं.

आता हसू येत नाही. कंपनीची बस, हातात माप तपासायचं गेज, रिजेक्ट झालेल्या पार्टांचा ढीग, ओव्हरटाइम. गावाची आठवण येते का, असं तुम्ही फोनवर विचारता. येते, पण कुठं दुखत नाही. पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमधून बाहेर पडल्यावर थोडा वेळ कानांना काही ऐकू येत नाही ना, तसं काहीतरी झालंय.

गेल्या वर्षी आत्याआजी गेली. शंभरीला टेकली होती. सकाळी चहा घेताघेता माझ्याच मांडीवर मान टाकली. शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांनी आणि त्यांच्या माणसांनी खांदा दिला. स्मशानातून येऊन मी अंघोळ केली आणि ओल्या केसांनी अण्णांना फोन लावला. ती गेली, आणि इतकी वर्षं मी तिच्याकडेच राहत होते, दोन्ही सांगून टाकलं. रडू नव्हतंच.

 अण्णा आईला म्हणाले ते ऐकू आलं, “अंघोळीचं पाणी काढ.”

“सकाळी झाली की तुमची!”

“परत काढ.”

 आता माझ्याही नावानं अंघोळ होणार, असंच वाटलं.

“कुणी हुतं का जवळ?” त्यांनी विचारलं.

“मी होते. माझ्या मांडीवर गेली.”

“बरं झालं.” त्यांचा आवाज चिरका झाला होता. “पोरी, दहा दिवस तूबी गोडधोड खाऊ नगंस. आपल्याला सुतक हाय.”

मी सुपरवायझरला फोन करून रजा मागितली. कारण सांगितलं, घरात सुतक आहे.

“मग गावाला निघालात का मॅडम?”

“नाही,” मी म्हटलं, “घरीच आहे.”