रविवारचे मोदक

बायकोला मिळालेली पहिली बाहेरची मोदकांची ऑर्डर मी सोमवारच्या चौकोनात टाकली. ती रविवारची होती.

यात दुसऱ्या कुणाचाही हात नाही. मी खूप शोधला, सापडला नाही.

बाहेरची म्हणजे काय ते सांगतो. तोपर्यंत आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधलीच मंडळी तिच्याकडून उकडीचे मोदक करून घ्यायची. मोदकांना उशीर झाला तरी ही मंडळी जिन्यात दोन शब्द बोलणार आणि गुपचूप खाणार. पण या घाटकोपरच्या बाई कुणाच्या ओळखीच्या ना पाळखीच्या. त्यांनी कुणाकडे तरी मोदक खाल्ले, नंबर मिळवला आणि थेट नातीच्या बारशासाठी फोन केला. बायको हवेतच होती. "ही एक ऑर्डर नीट गेली ना, की माझं बिल्डिंगच्या बाहेर नाव होईल," ती म्हणाली. "आणि फसली, तरीसुद्धा होईल."

आता असल्या वेळी शहाणा नवरा नारळ आणून देतो. मी सिस्टिम आणली.

पवईला आमच्या ऑफिसात सगळी टीम एकाच ॲपमधल्या डॉक्युमेंटवर काम करते. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसतं. बायकोच्या ऑर्डरी मात्र स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, पेन्सिलीने. मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी सगळ्या ऑर्डरी मोबाईलवर एका तक्त्यात भरल्या, वर मोदकाचं चित्र लावलं, बिल्डिंगवाल्यांना हिरवा रंग दिला, बाहेरच्यांना केशरी. मग तक्त्याचा केला कॅलेंडर व्ह्यू. झकास! अख्खा महिना चौकोनाचौकोनांत समोर, आणि प्रत्येक ऑर्डरचं एक छोटं कार्ड. तारीख टाईप करायचीही गरज नाही. कार्ड बोटाने उचलायचं, हव्या त्या चौकोनात नेऊन सोडायचं. मला एवढी मजा येत होती की बिल्डिंगच्या सगळ्या ऑर्डरी संपल्याचं वाईट वाटलं.

घाटकोपरचं केशरी कार्ड मी शेवटी ठेवलं होतं, मानाचं म्हणून. येता रविवार. म्हणजे नव्या आठवड्याचा पहिला चौकोन. सोडलं.

मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि कपाटामागे सारलं. बायकोला डॉक्युमेंटमध्ये सामील करून घेतलं. तिच्याकडून चुकून काही हलू नये म्हणून तिला फक्त बघायची परवानगी दिली. तिच्याच धंद्यात.

दोन दिवसांनी तिने मोबाईल बघत विचारलं, "बारसं सोमवारी ठेवलंय का रे त्यांनी?"

फोन मीच घेतला होता. आठवून सांगणं माझं काम होतं. मी म्हणालो, "ॲपमध्ये सोमवार आहे ना? मग सोमवार. बाराव्या दिवशी येईल तो वार."

रविवारी सकाळी मी दुसरा चहा घेत होतो. बायको डोक्याला तेल लावून निवांत बसली होती. फोन वाजला.

"दादा, आमचे मिस्टर अकराच्या सुमारास निघतायत हं. मोदक गरमच द्याल ना?"

"उद्या ना?" मी विचारलं.

"उद्या कशाला? बारसं आज आहे!"

बायकोने माझं तोंड बघितलं आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. "ताई, बारापर्यंत पाठवा. गरम मिळतील," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. फोन ठेवला आणि ॲपमधलं कॅलेंडर उघडून माझ्यासमोर धरलं.

"पहिल्या रकान्यावर काय लिहिलंय? वाच."

"सोमवार."

"आणि इथे?" तिने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "जन्मभर घरात काय बघितलंस? आधी लाल रविवार, मग बाकीचे. म्हणून तू न वाचता पहिलं घर रविवारचं धरलंस!"

खरं होतं. आणि चौकोनात तारीखही होती. ती वाचायची असते हे मला सुचलं नाही.

"तुला दिसलं होतं तर बदलायचंस ना," मी एक दुबळा प्रयत्न केला.

"मला फक्त बघायची परवानगी आहे," ती म्हणाली आणि समोरच्या दारावर धपाधपा थापा मारायला गेली.

समोरच्या काकू वेंगुर्ल्याच्या. त्या आपलं मोदकपात्र आणि खोबरं खवायची विळी घेऊनच आल्या, मागून सून. सगळी हकिगत ऐकून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गो, तुझो घोव ऑफिसात ह्याच काम करता?"

"हो काकू."

"आणि पगार देतत?"

मी तोंड उघडलं. "तू गप रव आणि नारळ फोड," काकू म्हणाल्या.

पुढचे दोन-अडीच तास आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात जे चाललं, ते मला अजून आठवतं आणि अजून हसू येतं. काकू जमिनीवर बसून खोबरं खवतायत, सून सारणात गूळ ढवळतेय, बायको हाताला तेल लावून गरम उकड मळतेय आणि मधूनमधून "हाय हाय" करतेय. गुळाचा वास जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरच्यांनी खाली येऊन विचारलं, आज काय आहे? काकूंनी ओरडून सांगितलं, "सोमवार!" आणि तिघी इतक्या हसल्या की सारण करपायचंच बाकी राहिलं.

हात कमी पडायला लागले तेव्हा मलाही पाटावर बसवलं. मी पारी केली, सारण भरलं, कळ्या काढल्या. वर टोक आणायला गेलो तर ते आडवं झालं. बायकोने तो मोदक बाजूला काढायला हात पुढे केला, तेवढ्यात बेल वाजली.

मिस्टर आले होते. नवा कोरा कुर्ता, चेहऱ्यावर घाई. काकूंनी त्यांच्या हातात बशी दिली, तिच्यात तूप घातलेला एक गरम मोदक. ते घाई विसरले. पंख्याखाली बसून राहिले. डबे भरून, झाकून, फडक्यात बांधून हातात दिले तेव्हा बारा वाजून गेले होते, पण रिक्षात बसताना ते बशीतल्या तुपाबद्दलच बोलत होते.

मग कुणी पाण्याचा घोट घेतला, कुणी पाय पसरले. मी कपाटामागून जुनं कॅलेंडर काढलं, धूळ पुसली आणि खिळ्याला लावलं. कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला. काकू मुद्दाम थांबल्या होत्या.

"अहो, काय सांगू! पाहुणे बाळ बघायचं सोडून मोदक खात होते. व्याह्यांना पुढच्या संकष्टीला हवेत, तुमचा नंबर देऊ ना?"

बायकोने डोळे मिटून घेतले. काकूंनी तिच्या पाठीत एक धपका घातला.

"फक्त एक विचारू का? रागावू नका हं. त्यात एक मोदक निघाला, जरा... झोपलेला होता. आमच्या सासूबाई विचारतायत, तुमच्याकडे लहान मूल आहे का?"

बायकोने माझ्याकडे बघितलं.

"आहे ना," ती म्हणाली. "एकच आहे. आत्ताशी वार शिकतंय."