इस्त्रीकडचा गोल

लहानपणी त्याला घरात भोंगा म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. तो हाक मारायला लागला की चार घरं पलीकडचं तान्हं मूल दचकून जागं व्हायचं. पुढं हाच भोंगा रेडिओवर फुटबॉलचं धावतं वर्णन करू लागला, घराघरांत ऐकला जाऊ लागला, तेव्हा कानांत बोटं घालणारे शेजारीच ‘आमच्या डोळ्यांदेखत वाढलाय हो’ म्हणून मिरवू लागले. चालायचंच.

त्याची शाळा म्हणजे मैदानाची भिंत. आईवडील लवकर गेले आणि थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याला वाढवलं. मैदानाच्या भिंतीला लागून एक लाँड्री होती, तिथं ती इस्त्री करायची. खेळाचं वेड तिलाच, पण कपड्यांचा ढीग टाकून उठायची सोय नव्हती. म्हणून तो भिंतीवर चढून बसायचा आणि आत काय चाललंय ते ओरडून खिडकीतून तिला सांगायचा. सुरुवातीला नुसतंच ‘अरे बापरे!’ आणि ‘गेला, गेला!’ चालायचं. ताई इस्त्री आपटायची.

“तुझा आनंद ठेव तुझ्यापाशी. चेंडू कुठंय ते सांग आधी!”

मग दोघांनी एक युक्ती काढली. इस्त्रीचं टेबल हेच मैदान. टेबलाच्या डाव्या टोकाला इस्त्री असायची, उजव्या टोकाला कपड्यांवर शिंपडायच्या पाण्याचं भांडं. त्यामुळे एका बाजूचा गोल झाला इस्त्रीकडचा आणि दुसरा पाण्याकडचा. तो वरून म्हणायचा, “चेंडू पाण्याकडं चाललाय, तुझ्या अंगाच्या बाजूनं,” आणि खाली ताईला सदऱ्याच्या बाहीवर सगळा सामना दिसायचा. क्वचित एखादा सदरा करपायचाही. त्याबद्दलची बोलणी ताई एकटी खायची.

रेडिओवर गेल्यावर त्यानं एवढंच केलं की इस्त्री आणि पाणी याऐवजी डावं-उजवं म्हणू लागला. बाकी तो आयुष्यभर भिंतीवरच बसलेला होता. किती गोल झाले ते सारखं सांगत राहायची आठवण म्हणून माईकशेजारी एक काड्यापेटी ठेवायचा. एकदा सांगितलं की ती उलटी करायची, पुन्हा सांगितलं की सुलटी. कारण कुणीतरी नुकताच कामावरून येऊन रेडिओ लावलेला असतो, त्याला ताटकळत ठेवू नये. सामन्याआधी खेळाडूंच्या खोलीबाहेर उभा राहून तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, “तुझी आई तुला कशी हाक मारते?” आणि नाव तसंच उच्चारायचा. कितीतरी आयांनी आपल्या लेकाचं नाव रेडिओवर ऐकलं ते आपल्याच तोंडच्यासारखं. मला विचाराल तर यापरता मोठा मान त्या पोरांना कुठल्या ढालीनं दिला नसेल.

लग्न त्यानंही केलं नाही आणि ताईनंही. कारणं दोघांची वेगळी होती, आणि ती एकमेकांना विचारायची नाहीत एवढं शहाणपण दोघांकडं होतं. म्हातारपणी काचबिंदूनं ताईची नजर पार गेली. तिनं त्याचा फार बाऊ केला नाही. “मला मैदान आधी तरी कुठं दिसत होतं?” म्हणाली. सामन्याच्या दिवशी ती रेडिओ मांडीशी घेऊन बसायची आणि तो मैदानावरून लाखो लोकांना सांगायचा, म्हणजे तिला सांगायचा.

एका वर्षी त्याचा आवाज बसला तो सुटेचना. गरम पाणी झालं, मध झाला, मौन झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी नळी घालून घसा पाहिला आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. गाठ वाईट होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, आणि लवकर.

“मोसमाची अंतिम लढत तेवढी होऊ द्या,” तो म्हणाला.

“तेवढं थांबलात तर पुढच्या मोसमाचं मी काही सांगू शकत नाही,” बाई म्हणाल्या.

त्याला भीती वाटत होती. मरणाची थोडी, मुकं होण्याची जास्त. त्यानं घरी अवाक्षर काढलं नाही आणि उपांत्य सामन्याला गेला. काही नावं घशाला टोचत होती, विशेषतः लांबलचक. मग तो ‘चार नंबर’ म्हणू लागला, ‘उंच बचावपटू’ म्हणू लागला, कुठं नुसतंच ‘तो’. आवाजातल्या खरखरीला श्रोत्यांनी दाद दिली. केंद्रावरच्या निर्मात्यानं तर पाठ थोपटली, “नवी ढब छान आहे हं!”

घरी ताई दारातच उभी होती.

“भोंग्या, नावं का खाल्लीस?”

“दमलो होतो.”

“दमलास की तू वाक्यं तोडतोस. नावं नाही तोडत. आज त्या चार नंबरची आई रेडिओला कान लावून बसली असेल. काय झालंय घशाला?”

खोटं बोलायला निदान आवाज तरी धड लागतो. त्यानं सांगून टाकलं. ताई भिंत चाचपत खुर्चीपाशी गेली आणि बसली. बराच वेळ तिचे हात मांडीवरच्या पदराची घडी घालत राहिले, घालायचे, मोडायचे, पुन्हा घालायचे.

“उद्याच भरती हो,” ती म्हणाली.

“ताई, एकच सामना उरलाय. मग तुला कोण सांगणार?”

“कुणीतरी सांगेल. नाही सांगितलं तर नाही.” तिचा आवाज चढला. “तुझं मढं सांगणार आहे का मला पुढचे सामने? उभं आयुष्य तुझं ऐकलं रे मी. आता एकदा तू माझं ऐक.”

त्यानं ऐकलं.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला श्वासासाठी भोक राहिलं आणि आवाज गेला. त्याला लिहायला पाटी दिली, पण ती ताईच्या काय कामाची? नर्स असली तर वाचून दाखवायची, नसली की दोघं गप्प. “एक मुका, एक आंधळी. जोडी बरी जमलीय,” ताई म्हणाली. तो हसला, पण हसलेलं तिला कळणार कसं? हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवून दिली. एवढा एकटा तो कधीच पडला नव्हता.

अंतिम लढत रुग्णालयाच्या त्या खोलीतच आली. कोपऱ्यातल्या टीव्हीचा आवाज बंद होता. ताईच्या मांडीशी तिचा रेडिओ. त्याच्या जागी एक माजी खेळाडू बोलत होता. माणूस सोन्यासारखा, पण माईक म्हणजे काय ते त्याच्या गावीही नव्हतं.

“अहाहा! काय खेळ, काय खेळ! अविश्वसनीय!”

“अरे, पण चेंडू कुठंय?” ताई रेडिओला म्हणाली.

“बघा, बघा, बघा!”

“बघायचं असतं तर तुला कशाला ऐकलं असतं, मेल्या?”

पलंगावरून तो पाहत होता. चेंडू कुठं आहे ते त्याला दिसत होतं, अगदी बोटभर अंतरासकट, आणि सांगायला आवाज नव्हता. ताईनं रेडिओ बंद केला. तिचे हात पुन्हा पदराकडं गेले.

त्यानं तिचा डावा हात ओढून घेतला. तळवा उघडून आपल्या गुडघ्यावर पसरला. अंगठ्याच्या मुळाशी आपली मूठ टेकवली आणि इस्त्री फिरवावी तशी पुढं-मागं फिरवली. मग करंगळीच्या बाजूला बोटांच्या टोकांनी टपटप केलं, पाणी शिंपडल्यासारखं.

ताईचा चेहरा बदलला.

“इस्त्री,” ती म्हणाली. “आणि हे पाणी.”

त्यानं तर्जनी तळव्याच्या मध्यावर ठेवली आणि ढकलली.

“इस्त्रीकडं चाललाय,” ताई बोलू लागली. “माझ्या अंगाच्या बाजूनं. थांबला. मागं दिला... आता पलीकडं, लांब...” बोट उचललं गेलं आणि तिच्या बोटांच्या मुळाशी टेकून आत वळलं. “आत आला! मारतोय...”

त्यानं तिची बोटं खाडकन मिटून मूठ घट्ट दाबली.

“गो...ल!”

ताईनं अशी आरोळी ठोकली की नर्स धावत आली.

“आजी, अहो, हे रुग्णालय आहे!”

“चुकले गं बाई,” ताई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. “भोंगा आमच्या घरातलाच आहे. हा बसला, म्हणून मी वाजायला लागले.”

नर्स दार लोटून गेली. त्याचे खांदे गदगदत होते. तो हसतोय की रडतोय ते या वेळी ताईला त्याच्या हातावरून कळत होतं. तिनं त्याला थोडा वेळ दिला. मग मूठ सोडून तळवा पुन्हा त्याच्यापुढं पसरला.

“सामना संपला नाहीये अजून,” ती म्हणाली. “चेंडू कुठंय?”