भागिरथाबाईची चौकशी

आसेगावच्या भागिरथाबाईला दीर माणिकराव डोळ्यांसमोर नको असे, आणि त्यालाही ही वहिनी. नवऱ्यामागे तिचं वावर माणिकरावाच्या बैलजोडीवर पेरलं जाई, म्हणून दोघांत बोलणं तरी उरलं होतं.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात माणिकरावाने तिच्या विमलसाठी स्थळ आणलं. रिसोडच्या पलीकडचं गाव, दौलतरावाचं घर, ओलिताची जमीन, एकुलता मुलगा. चौकशी त्यानेच केली होती. दुकानदाराला शेतीचं विचारलं, गुरवाला घराण्याचं, गिरणीवाल्याला मुलाच्या तब्येतीचं. प्रत्येकाने विचारलं तेवढंच सांगितलं, आणि चांगलंच सांगितलं.

"आनखी काय पायजे तुले, वैनी?"

"भाऊजी, तुमी तिघाईले तीन गोष्टी इचारल्या. एकाचा दुसऱ्याशी मेळ कसा घालाचा?"

"मंग काय गावभर एकच रट लावू? लोकं खुळा म्हनतील मले."

"म्हनू द्या. आताबी म्हनतात."

माणिकराव पाय आपटत निघून गेला.

भागिरथाबाईच्या मोठ्या बहिणीचं लग्न 'मुलगा कसा आहे' एवढं विचारून ठरलं होतं. सगळ्यांनी सोन्यासारखा सांगितला. सोयरीक मोडल्याचं पाप कोण डोक्यावर घेतो? तीन वर्षांत त्या सोन्याच्या घरच्यांनी बहिणीला हाडांचा सापळा करून माहेरी आणून टाकलं. तेव्हापासून भागिरथाबाईचा त्या प्रश्नावर राग होता, आणि उत्तर देणाऱ्यांवर त्याहून जास्त.

माणिकरावाला न सांगता तिने रिसोडची एसटी धरली. लग्नाचं नावच काढायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. दुष्काळात कडबा संपलेले लोक आपली जनावरं चारा असलेल्या घरी नेऊन ठेवत. तिने तेच निमित्त केलं.

आधी ती त्या गावच्या गिरणीवर गेली. तिथे दळण घेऊन बसलेल्या बाईला म्हणाली, "माह्याकडचा कडबा सरला. दौलतरावाच्या घरी बैल ठेवावा का?"

बाईने पदराने तोंडावरचं पीठ पुसलं. "कडबा लय हाये त्याच्याकडं. पन कुलपात. तथी बैल ठेवशीन त हाडं घेऊन जाशीन, माय."

पुढे बैलांना नाल ठोकणारा बसला होता. सासू कशी आहे, मुलगा हात उगारतो का, असं बरंच भागिरथाबाईच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं. शब्द बदलला की माणूस निराळंच काही सांगतो, हे तिला दिराने दाखवून दिलं होतं. तिने पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत.

"माह्या मेव्हन्यानं ठेवला होता," नालवाला म्हणाला. "दिसभर जुपला, पेंडीचा तुकडा नाही देल्ला. गेला बैल. वरून म्हने, तुमचाच बैल मरतुकडा."

शेवटी ती दुकानात गेली. याच दुकानदाराने माणिकरावाजवळ त्या घराचे गोडवे गायले होते. तिचा प्रश्न ऐकून त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तथी नोको."

घरी आल्यावर तिने माणिकरावाला सगळं सांगितलं. "पोरीची सोयरीक पाहाले गेली होती का बैलाची?"

"ज्याच्या दावनीले मुकं जनावर टिकत नाही, तथी माही पोरगी टिकंन?"

"उद्या सुपारी फुटते. तू चुलीपाशी बस, तोंड मिटून."

दुसऱ्या दिवशी मुलाचा बाप दौलतराव चार पाहुणे घेऊन आला. बैठकीत सुपारीचं ताट ठेवलं. तेवढ्यात भागिरथाबाई डोक्यावर पदर घेऊन पुरुषांत येऊन उभी राहिली. माणिकराव उठणार, तोवर ती बोललीसुद्धा.

"कडबा सरला आमचा. तुमच्या घरी बैल ठेवता का?"

दौलतराव मोकळं हसला. "ठेवा ना, इहीनबाई! पन कामाले जुपीन. अन् मेला-गेला त मंग बोलाचं नाही."

पाहुणे हसले. माणिकरावही हसला. भागिरथाबाईने वाकून ताट उचललं.

"सुपारी फुटत नाही," ती म्हणाली.

"बाईच्या राज्यात आमी सोयरीक करत नसतो!" दौलतरावाने पायांत जोडा घातला. जेवण तसंच राहिलं.

पाहुणे वेशीपार झाल्यावर माणिकराव ओसरीत उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "आजपासून माहे बैल तुह्या वावरात पाय ठेवनार नाहीत!"

"नोका ठेवू."

त्याने शब्द पाळला. मृग लागला, गावभर तिफणी चालल्या. माणिकरावाशी वाकडं नको म्हणून शेजाऱ्यांनीही बैल दिले नाहीत. मायलेकी वाकून हाताने ज्वारी टोबू लागल्या. विमल आईशी बोलत नव्हती. त्या मुलाला तिने एकदा पाहिलं होतं, आणि तो तिला आवडला होता.

दुपारी मान वर न करता तिने विचारलं, "त्यो बापासारखा नसता त?"

भागिरथाबाईने पुढच्या खड्ड्यात बी टाकलं, मातीने झाकलं.

"नसताबी," ती म्हणाली. "पन तुले तथी धाडून मले ते पाहाचं नोव्हतं."

 विमल उठली आणि दूरच्या तासावर जाऊन बसली.