खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात

जिवाणू वाढवायचे अगार शिजतानाचा तो किंचित गोडसर, पेजेसारखा वास नाकात शिरला, की आजही माझी मान आपोआप खाली जाते. महाडच्या महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. उमरठहून एसटीने येणारी सुगंधा माझी विद्यार्थिनी होती. मितभाषी, पण हात काय विलक्षण स्थिर!

त्या दिवशी खारट द्रवात वाढलेले जिवाणू एकदम शुद्ध पाण्यात सोडायचे होते. पाणी आत घुसून पेशी फुटतात, असे मी ठासून सांगितले होते. सुगंधाच्या काचेच्या बशीत मात्र दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या वसाहतींची दाट नक्षी उमललेली!

"मिठाचंच पाणी घेतलंस वाटतं," मी म्हणालो. वर्ग हसला.

"नाय सर, तीनदा केलं. जगतात ते."

"'पेशी फुटल्या' असं प्रयोगवहीत लिही, मग सही मिळेल."

तिने लिहिले. मी सही केली.

मनात खुपत राहिले, म्हणून त्याच संध्याकाळी नवे पुस्तक उघडले. जिवाणूच्या पेशीभोवतीच्या पटलात प्रथिनांच्या सूक्ष्म वाहिन्या असतात. पाण्याने फुगून पटल ताणले गेले, की त्या क्षणार्धात उघडतात, आतले आयन बाहेर सोडतात आणि दाब उतरताच मिटतात. म्हणून तो जीव तगतो! डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या देहाला जे साधते, ते मला का साधू नये? सकाळी वर्गात दोनच वाक्ये बोलायची होती. ती माझ्याने बोलवली नाहीत. त्यानंतर सुगंधा प्रत्येक प्रयोगाआधी विचारू लागली, "सर, काय यायला पाहिजे?" आणि वर्षअखेरीस तिने विज्ञान सोडले.

गेल्या महिन्यात, कित्येक वर्षांनी, ती महाडच्या एसटी स्थानकात भेटली, पोलादपूरच्या गाडीची वाट पाहत. मी सारे सांगून टाकले. त्याच संध्याकाळी कळले होते, हेही.

ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला ठाऊकच नसेल. म्हणून कधी राग नाय आला."

अज्ञानाला क्षमा असते. जाणत्या मौनाला ती कोणत्या तोंडाने मागावी?

गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून ती वळली. "आता वर्गात सांगता का, जगतात म्हणून?"

"सांगतो."

"मग कुणी पाहिलं होतं, तेही सांगा सर."

मी मान डोलावली. पण इतकी वर्षे ते मी 'माझ्या निरीक्षणात आले' म्हणून सांगत आलो होतो, एवढे मात्र तेव्हाही ओठांबाहेर आले नाही.