इथिओपियाहून दुबलगुंडीला

मला कुणी टक लावून बघितलं की माझं डोकं फिरतं. त्या प्रवासात ते मुंबईपासूनच फिरलेलं होतं. मांडीवर चार वर्षांची लेक, काळीभोर, टपोऱ्या डोळ्यांची, आणि डब्यातला जो तो विचारायचा, "कुणाची हो?" मी म्हणायची, "माझी." "तसं न्हाई, खरी कुणाची?" "खरी बी माझीच." नवरा खिडकीबाहेर बघत हसायचा. त्याला काय, त्याला राग येतच न्हाई.

आम्ही दोघं शिक्षक, सहा वर्षं इथिओपियात शिकवायला होतो. मूल झालं न्हाई. तिथल्या एका अनाथाश्रमात ही भेटली, कोर्टाचा कागद झाला, आणि आता तिला घेऊन दुबलगुंडीला, माझ्या सासरी, निघालो होतो. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, दोन पत्रं टाकली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. अप्पांनी हिला नात मानलं न्हाई तर आल्या पावली परत फिरायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. नवऱ्याला तेवढं सांगितलं नव्हतं.

हुमनाबादला गावची गाडी धरली आणि तिथं घोळ झाला. आश्रमातल्या बाईनं लेकीचे केस बारीक बारीक वळून दिले होते, सुतासाठी वळलेल्या कापसाच्या पेळूसारखे. मला ते सोडता येईनात, पुन्हा वळता येईनात, म्हणून तसेच ठेवले. प्रवासाच्या धुळीनं ते पार चिकटले होते. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं वळून बघितलं आणि एकदम हात जोडले. "जट हाय की लेकराला. देवी आलीय."

आमच्या भागात पोरीच्या केसांत जट झाली की ती देवीची खूण धरायचे. कात्री लावायची न्हाई, पोरगी देवीला सोडायची. मग तिला ना लग्न, ना घर. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या घरानं हे सगळं टाकलं होतं, पण गाडीतल्या बायकांनी थोडंच टाकलं होतं? म्हातारीनं पिशवीतली हळद काढून लेकीच्या कपाळाला लावली, तिच्या पायाला हात लावला. मागून आणखी दोघी उठल्या. एकीनं केळं ठेवलं. लेकीला वाटलं, सगळे लाडच करायलेत. तिनं ते सोलून खाल्लं.

"माझी लेक हाय ती, आणि त्या वेण्या हायत," मी म्हणाले.

"असं बोलू नको माय, कोप होईल," म्हातारी म्हणाली, तेही अगदी मायेनं. त्या मायेचाच मला जास्त राग आला.

थांब्यावर अप्पा उभे होते, काठी टेकून. आमच्या पाठोपाठ म्हातारीही उतरली आणि देवी आली म्हणून सगळ्यांना सांगत सुटली. बघता बघता माणसं जमली. एक बाई लेकीपुढं वाकली. अप्पांच्या तोंडावरून काही कळेना. परतीची गाडी कधी, हे मी कंडक्टरला विचारणारच होते.

अप्पांनी काठी माझ्या नवऱ्याकडं दिली आणि त्या बाईला हातानं अडवलं.

"पाया पडू नका. माझ्या अक्काच्या बी असंच पाया पडला होता तुमी. नऊ वर्षांची होती. पुढं तिला कुणी पाणी बी विचारलं न्हाई."

अप्पांना बहीण होती, हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

"ही नात हाय माझी," अप्पा म्हणाले. "पाया पडायचं तर तिनं मोठ्या माणसांच्या पडायचं." आणि लेकीचा हात धरून त्यांनी तिला म्हातारीपुढं उभं केलं, खाली बोट दाखवलं. लेकीनं गाडीत सगळी वाट तेच बघितलेलं. ती झटकन वाकली.

म्हातारी दोन पावलं मागं सरली. मग भीत भीत तिनं त्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाली, "शाळा शिक, माय."

कुणा माणसाचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, जितका तेव्हा अप्पांचा वाटला, आणि मी तो लपवलाही न्हाई. भर थांब्यावर रडले. अप्पा नातीचं बोट धरून घराकडं निघाले, आणि पिशव्या घेऊन आम्ही दोघं मागून.